पायपर मालिबू : टर्बोचार्जरयुक्त एक-इंजिनी खासगी विमानाचा इतिहास व वैशिष्ट्ये

प्रस्तावना

समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होत जाते, हे विधान आपण शालेय भूगोलापासून ऐकत आलो आहोत. गिर्यारोहकाला धाप लागते ती याच कारणाने. पिस्टनचे इंजिनही हवेवरच जगते आणि उंचीवर त्यालाही तशीच धाप लागते, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. २५,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ७,६२० मीटरवर, तो जेमतेम ३७ टक्के उरतो. तेथील प्रमाण तापमान उणे ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा ठिकाणी साध्या पिस्टन इंजिनाच्या विमानाला पोहोचणे कठीण आणि माणसाला जगणे त्याहून कठीण.

तरीही १९८३ साली अमेरिकेतील पायपर या कंपनीने असे एक विमान ग्राहकांच्या हाती दिले, जे एकाच पिस्टन इंजिनाच्या बळावर चालकासह सहा माणसांना २५,००० फुटांवरून, प्राणवायूचे मुखवटे न लावता, नेऊ शकत होते. त्याचे नाव पीए-४६ मालिबू. प्रस्तुत लेखात या विमानाची जडणघडण, त्यामागील तत्त्व आणि त्याच्या वाट्याला आलेले दोन कठीण प्रसंग यांचा परामर्श घेतला आहे. या विमानात इंजिनाचा आणि माणसाचा श्वास एकाच यंत्रावर अवलंबून आहे. त्याची सोय आणि त्याचा धोका हे दोन्ही तेथूनच उद्भवतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

टर्बोचार्जरचे तत्त्व आणि पूर्वेतिहास

इंजिनात जळून गेलेले वायू अतिशय तप्त आणि वेगवान असतात. साध्या इंजिनात ही ऊर्जा एक्झॉस्ट नळीवाटे वाया जाते. या वायूंच्या मार्गात एक छोटे पातेचक्र, म्हणजे टर्बाइन, बसवले तर ते प्रचंड वेगाने फिरू लागते. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर जोडला की तो बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवतो. टाकाऊ वायूच ताज्या हवेची सोय करतात. ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे आहे.

हवा दाबली की तापते, हे वायूंचे नियम शिकवणाऱ्या अध्यापकांना सांगायला नको. तापलेली हवा प्रसरण पावते आणि दाबून मिळवलेला लाभ अंशतः गमावला जातो. म्हणून दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी तिला थंड करणारा इंटरकूलर लागतो. हवा गरजेपेक्षा अधिक दाबली जाऊ नये यासाठी काही उत्सर्जित वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी झडपही लागते. तिला वेस्टगेट म्हणतात. विमान वर जाते तशी ही झडप मिटत जाते. ज्या उंचीवर ती पूर्ण मिटते त्या उंचीपर्यंत इंजिनाची शक्ती टिकते आणि त्यापुढे ती घटू लागते.

विमानविद्येत या तत्त्वाची मोठी कसोटी १९१८ साली झाली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी ‘लिबर्टी’ हे विमान-इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच शिखरावर चढवले. समुद्रसपाटीवर साधारण ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० अश्वशक्तीवर आले. टर्बोचार्जर जोडताच त्याने पुन्हा ३५६ अश्वशक्ती दिली.

यापुढचा प्रसंग विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर हे टर्बोचार्जर बसवलेल्या उघड्या द्विपंखी विमानातून ३३,००० फुटांच्या वर पोहोचले. इंजिन व्यवस्थित चालू होते. दगा दिला तो वैमानिकाच्या प्राणवायू-पुरवठ्याने. त्यांची शुद्ध हरपली, विमान कित्येक मैल खाली कोसळत आले आणि जमीन जवळ आल्यावर शुद्धीवर येऊन त्यांनी ते कसेबसे उतरवले. इंजिनाच्या श्वासाचा प्रश्न सुटला होता, माणसाच्या श्वासाचा सुटला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बफेकी विमानांना टर्बोचार्जरने मोठी उंची दिली. पण त्यांतील सैनिक मुखवटे लावून, थंडीत कुडकुडतच लढले.

खासगी विमानांत टर्बोचार्जर रुळला तो १९६० च्या दशकात. सेस्ना कंपनीने १९६६ सालापासून आपल्या २१० या एक-इंजिनी विमानाची टर्बोचार्जरयुक्त आवृत्ती दिली. प्रवाशांना मात्र नाकात नळ्या घालूनच बसावे लागे. केबिनमध्ये दाब राखणारे पहिले एक-इंजिनी पिस्टन विमान म्हणजे मूनी कंपनीचे मस्टँग. १९६० च्या दशकातील हे विमान मोजकेच तयार झाले आणि कंपनीला ते परवडले नाही. १९७८ साली सेस्नाचे पी-२१० आले व ते बरे खपले. मुळात साध्या केबिनचे विमान घेऊन त्यात दाबाची सोय केलेली असल्याने त्याची मर्यादा उघड होती. २३,००० फुटांवर त्याच्या केबिनमध्ये सुमारे १२,००० फुटांवरची हवा असे. जगता येई, पण थकवा येई.

मालिबूची घडण

पायपर ही कंपनी १९३७ पासून त्या नावाने ओळखली जाते. पिवळ्या रंगाचे ‘कब’ हे तिचे छोटे विमान जगभर परिचित आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिने जुन्या सांगाड्यात बदल करण्याऐवजी कोऱ्या कागदावर नवे विमान आखण्याचे ठरवले. आखणीचे नेतृत्व जेम्स ग्रिसवोल्ड या अभियंत्याकडे होते. पहिला नमुना ३० नोव्हेंबर १९७९ रोजी उडाला. त्यात केबिनदाबाची सोय नव्हती. विमानाची घोषणा नोव्हेंबर १९८२ मध्ये झाली, सप्टेंबर १९८३ मध्ये त्याला अमेरिकी प्रशासनाचे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पहिली विमाने ग्राहकांकडे गेली.

काळ मात्र अत्यंत प्रतिकूल होता. १९७८ साली अमेरिकेत सतरा हजारांहून अधिक छोटी विमाने तयार झाली होती. १९९४ साली ही संख्या हजाराच्याही खाली गेली. अपघातानंतर निर्मात्यांवर होणारे भरपाईचे दावे आणि त्यामुळे भडकलेले विम्याचे हप्ते हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. सेस्नाने १९८६ साली पिस्टनची एक-इंजिनी विमाने बनवणे थांबवले. अशा मंदीत सर्वस्वी नवे आणि महागडे विमान बाजारात आणणे हे धाडसच होते. ते बऱ्याच अंशी सफल झाले याचे श्रेय आखणीला द्यावे लागेल.

मालिबूचे पंख लांब आणि अरुंद आहेत. त्यांचा विस्तार ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर. ग्लायडरच्या पंखांशी नाते सांगणारी ही ठेवण विरळ हवेत फार उपयोगी ठरते, कारण अशा पंखांना उचल निर्माण करताना कमी विरोध सहन करावा लागतो. प्रवाशांसाठी मागच्या बाजूला पायऱ्यांचे दार आणि आत समोरासमोर चार आसने आहेत. दोन इंजिनांच्या मोठ्या विमानांत आढळणारी ही व्यवस्था एक-इंजिनी विमानात आल्याचे ग्राहकांना अप्रूप वाटले असणार. मूळ मालिबूचे उड्डाणकालीन कमाल वजन ४,१०० पौंड, म्हणजे सुमारे १,८६० किलो होते. २५,००० फुटांवर ते ताशी दोनशे नॉटहून अधिक, म्हणजे पावणेचारशे ते चारशे किलोमीटर वेगाने जाई.

नाकाशी कॉन्टिनेंटल कंपनीचे टीएसआयओ-५२०-बीई हे सहा सिलिंडरांचे, ३१० अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याला दोन टर्बोचार्जर आणि दोन इंटरकूलर जोडलेले होते.

एका कॉम्प्रेसरवर दोघांचा श्वास

केबिनमध्ये दाब राखण्यासाठी लागणारी हवा वेगळ्या पंपातून येत नाही. टर्बोचार्जरच्या कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतील काही भाग इंजिनाकडे न जाता केबिनकडे वळवला जातो. केबिन म्हणजे सतत हवा भरली जाणारी आणि मागील झडपेतून मोजून हवा सोडणारी बंद कुपी होय. आतील व बाहेरील दाबातील फरक ५.५ पौंड प्रति चौरस इंचापर्यंत राखता येतो. त्यामुळे बाहेर २५,००० फूट असताना आत ८,००० फुटांवरची हवा मिळते. मोठ्या प्रवासी विमानांतही साधारण एवढाच दाब राखण्याचा प्रघात आहे.

या व्यवस्थेचे परिणाम वैमानिकाच्या प्रत्येक हालचालीवर होतात. उदाहरणार्थ, साध्या विमानात खाली उतरायचे झाल्यास इंजिनाची शक्ती कमी करून नाक झुकवले की काम भागते. मालिबूत शक्ती एकदम कमी केली तर टर्बाइन मंदावते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि केबिनकडे जाणारी हवा आटते. शिवाय तप्त सिलिंडरांवर थंड हवेचा मारा होतो. म्हणून उतरतानाही शक्ती राखावी लागते आणि उतरण्याची सुरुवात फार आधी करावी लागते. मिनिटाला ५०० फूट या सौम्य गतीने २५,००० फुटांवरून खाली येण्यास ५० मिनिटे लागतात. अर्ध्या प्रवासातच उतरण्याचा हिशेब मांडणारे हे विमान आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. जमिनीवर उतरल्यावर इंजिन लगेच बंद न करता टर्बोचार्जर निवण्यासाठी ते काही काळ मंद चालू ठेवण्याची प्रथा आहे.

इंजिन उंचीवर बंद पडले तर केबिनमध्ये हवा येणेही थांबते. २५,००० फुटांवर दाब पूर्ण गेल्यास माणसाची निर्णयक्षमता तीन ते पाच मिनिटे टिकते. इंजिन एक असण्याचा अर्थ येथे साध्या विमानापेक्षा गंभीर होतो.

मिश्रणाचा प्रश्न

मालिबूच्या इतिहासात एक प्रकरण विमानविद्येपेक्षा रसायनशास्त्राचे आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे पंधरा भाग मिळाले की दोन्ही पुरते जळतात. उत्सर्जित वायूंचे तापमान या प्रमाणाच्या जवळपास शिखर गाठते. इंधन वाढवले तर तापमान उतरते आणि हवा वाढवली तरी उतरते. इंधन वाढवण्याच्या रीतीला ‘गर्द मिश्रण’ आणि हवा वाढवण्याच्या रीतीला ‘विरळ मिश्रण’ म्हणू. वैमानिकांच्या पिढ्या गर्द मिश्रणावर वाढल्या होत्या. जादा इंधन इंजिनाला थंड ठेवते, ही त्यांची श्रद्धाच होती. मूळ मालिबूचे इंजिन मात्र विरळ मिश्रणावर चालवण्यासाठी आखलेले होते. टर्बाइनकडे जाणाऱ्या वायूचे तापमान शिखरावर नेऊन मग इंधन आणखी घटवत ते ५० अंश फॅरनहाइट खाली आणावे, असे चालकपुस्तिकेत सांगितले होते. असे केल्यास तासाला साठ लिटरच्या आसपास इंधनात काम भागे.

अनेक मालकांना आणि तंत्रज्ञांनाही हे पटले नाही. इंजिन उपाशी ठेवल्याने जळेल, या भीतीने काहींनी इंधन थोडे वाढवले आणि नेमके शिखर-तापमानाच्या जवळ आणून ठेवले. सर्वांत वाईट जागा तीच होती. इंजिने निकामी होऊ लागली, तक्रारी वाढल्या. अखेर पायपरने इंजिनच बदलले. ऑक्टोबर १९८८ पासून लायकमिंग कंपनीच्या ३५० अश्वशक्तीच्या टीआयओ-५४०-एई२ए या इंजिनाची ‘मालिबू मिराज’ ही आवृत्ती सुरू झाली. तोवर मूळ प्रकारची चारशेच्या आसपास विमाने तयार झाली होती. मिराजचे इंजिन गर्द मिश्रणावर चालते व साहजिकच अधिक इंधन पिते. दोष इंजिनाचा किती आणि न वाचलेल्या पुस्तिकेचा किती, हा वाद जाणकारांत अजून चालतो. प्रस्तुत लेखकाचा कल पुस्तिकेच्या बाजूने आहे.

येथे एका आनुषंगिक गोष्टीची नोंद केली पाहिजे. गर्द मिश्रणात प्राणवायू अपुरा पडतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही मोठ्या प्रमाणात तयार होतो. विरळ मिश्रणात तो फारच कमी असतो. या वायूचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१९८९ ते १९९१ : अपघातांची मालिका

मे १९८९ ते मार्च १९९१ या काळात मालिबू व मिराज विमानांचे लागोपाठ अपघात झाले. त्यांतील अनेक विमाने हवेतच तुटली. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने या विमानांच्या ढगांतील उड्डाणावर निर्बंध घातले. ज्या विमानाचे प्रयोजनच हवामानाच्या वर जाणे हे होते, त्याला निरभ्र आकाशापुरते बांधून ठेवण्यात आले. त्याच वर्षी पायपर कंपनी दिवाळखोरीत गेली. अर्थात त्याला आधीची मंदी आणि कर्जेही कारणीभूत होती.

विमानाच्या रचनेची विशेष फेरतपासणी झाली. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळानेही स्वतंत्र अन्वेषण केले. रचना प्रमाणांना उतरते असे आढळले. लक्ष वळले ते चालकांकडे. वेग मोजणारी पिटोट नळी पंखाखालून पुढे रोखलेली असते. अतिथंड ढगांत तिच्या तोंडावर बर्फ साचू नये म्हणून तिला विजेने तापवण्याची सोय असते, पण तिचे बटन आठवणीने दाबावे लागते. ते राहून गेले आणि नळी बुजली की वेगदर्शक भलतेच आकडे दाखवतो. वेग घटतो आहे असे समजून चालक नाक झुकवतो, प्रत्यक्ष वेग मर्यादेबाहेर जातो आणि मग घाबरून ओढलेली दांडी पंखांवर असह्य भार टाकते. ऑटोपायलटच्या चुकीच्या वापराचाही संबंध दिसून आला. पुढे निर्बंध मागे घेण्यात आले आणि नळी तापवण्याविषयीच्या सूचना व प्रशिक्षण यांवर भर देण्यात आला.

या सर्वांत दोष चालकाचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हे चालक कोण होते हे पाहिले पाहिजे. धंद्याने ते प्रायः वैमानिक नव्हते. वैद्यक, वकिली, व्यापार करणारी आणि स्वतःचे विमान स्वतः चालवणारी ही माणसे होती. यंत्राने त्यांना अशा आकाशात नेले जेथे पूर्वी दोन अनुभवी वैमानिकांची मोठी विमानेच जात. अमेरिकेच्या नियमानुसार २५,००० फुटांहून अधिक उंचीची क्षमता असलेले दाबयुक्त विमान चालवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण व तशी नोंद लागते. मालिबूची मान्य कमाल उंची नेमकी २५,००० फूट आहे. नियमाच्या उंबरठ्याच्या अलीकडे एक पाऊल.

नंतरच्या आवृत्त्या

१९९४ सालच्या कायद्याने अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानांसाठी निर्मात्यांची जबाबदारी मर्यादित केली आणि या उद्योगाला पुन्हा धुगधुगी आली. १९९५ साली कंपनी ‘न्यू पायपर’ या नावाने उभी राहिली. २००० साली याच सांगाड्यावर टर्बोप्रॉप इंजिनाचे मेरिडियन आले. ते यशस्वी झाले, पण पिस्टन विमानांच्या या चर्चेत त्याचा विस्तार नको. पिस्टनची मिराज चालू राहिली आणि २०१५ साली एम३५० या नावाने सुधारून आली. तिच्यात एक लक्षणीय सोय आहे. उंचीवर असताना चालक बराच वेळ कोणतेही बटन दाबत नसेल, तर यंत्रणा त्याला विचारणा करते. उत्तर न आल्यास चालक प्राणवायूअभावी भान हरपला असे गृहीत धरून ती विमान आपोआप कमी उंचीवर आणते. श्रोडर यांच्या उड्डाणानंतर पंचाण्णव वर्षांनी आलेली ही सोय आहे.

२१ जानेवारी २०१९

जुनी मालिबू विमाने मात्र अजूनही उडत आहेत. १९८४ साली तयार झालेले असेच एक विमान २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नांत येथून वेल्समधील कार्डिफकडे निघाले. त्यात अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला हा एकमेव प्रवासी होता. कार्डिफ सिटी संघाने त्याला नुकतेच करारबद्ध केले होते. गर्न्सी बेटाजवळ इंग्लिश खाडीत विमान कोसळले. सालाचा देह समुद्रतळाशी मिळाला, वैमानिकाचा मिळाला नाही.

ब्रिटनच्या हवाई अपघात अन्वेषण शाखेला सालाच्या रक्तात ५८ टक्के कार्बोक्सिहिमोग्लोबिन आढळले. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. पन्नास टक्क्यांवरचे प्रमाण सुदृढ माणसालाही प्राणघातक ठरू शकते. मार्च २०२० च्या अहवालानुसार, हाताने चालवलेल्या वळणात वैमानिकाचे नियंत्रण सुटले, अतिवेगात विमान हवेतच तुटले आणि वैमानिकालाही या वायूची बाधा झाली असण्याची शक्यता होती. हे उड्डाण व्यापारी वाहतुकीच्या सुरक्षा-प्रमाणांनुसार झालेले नव्हते, हेही अहवालाने नोंदवले.

विमानाचे अवशेष समुद्रातून वर काढण्यात आले नाहीत. त्यामुळे गळती नेमकी कोठे झाली ते प्रत्यक्ष पाहता आले नाही. पण वायूचा उगम एक्झॉस्ट यंत्रणेतच असणार हे स्पष्ट आहे. पिस्टन विमानांत केबिन उबदार ठेवण्यासाठी तप्त एक्झॉस्ट नळीभोवती आवरण घालून त्यातून हवा खेळवण्याची पद्धत आहे. नळीचा पत्रा पातळ असतो. टर्बोचार्जरयुक्त इंजिनात तो लालभडक होण्याइतका तापतो, थंड हवेत निवतो आणि वर्षानुवर्षांच्या या तापण्या-निवण्याने त्याला तडे जाऊ शकतात. तडा आवरणाच्या आत असल्यास बाहेरून दिसत नाही. नियमित तपासणीने धोका कमी होतो, पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काय घडेल याची हमी ती देऊ शकत नाही.

अहवालाने पिस्टन इंजिनाच्या विमानांत कार्बन मोनॉक्साइडची सक्रिय सूचना देणारे उपकरण आवश्यक करावे अशी शिफारस केली. रंग बदलणारी ठिपक्याची पट्टी अनेक विमानांत असते, पण अंधाऱ्या केबिनमध्ये तिच्याकडे कोण पाहणार? आवाज किंवा प्रकाश करून लक्ष वेधणारे उपकरण हाताच्या तळव्यात मावते आणि विमानाच्या किमतीच्या तुलनेत ते अगदीच किरकोळ आहे. नांतहून निघालेल्या त्या विमानात सक्रिय सूचना देणारे असे उपकरण नव्हते.